पंपवाल्यांपाशी घेतलेली शपथ

३ मार्च, सोमवार

एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसलो. बाक माझ्या मापाचं नाही, गुडघे वर येतात. वर्गात आम्ही अठरा जण, त्यातले सतरा माझ्या मुलीहून लहान. शिकवणाऱ्या मॅडम ठेंगण्या, पण आवाज मागच्या भिंतीला धडकून परत येईल असा. पहिल्याच तासाला त्यांनी मला विचारलं, "आपण कुणाचे पालक?" मी उभा राहून म्हणालो, "नाही, मी विद्यार्थी." त्यावर वर्ग हसला तो बराच वेळ हसतच राहिला.

हाडांच्या वॉर्डात परिचारक म्हणून बावीस वर्षं काढली. आता आमच्या रुग्णालयात मानसिक आजारांचा विभाग निघणार, म्हणून मला वर्षभराच्या या शिक्षणाला पाठवलंय. मलाच का, असं मेट्रनना विचारलं तर म्हणाल्या, "ब्रदर, तुम्ही शांत आहात." मी शांत नाही. मी हळू बोलतो, एवढंच.

मॅडमनी प्रत्येकाला एक खासगी वही ठेवायला सांगितली आहे. ती कुणी तपासणार नाही. "दुसऱ्याच्या मनाजवळ जायचं तर आपल्या मनात काय गोंधळ आहे ते आधी माहीत असावं," असं त्या म्हणाल्या. आमच्या गावच्या शाळेत एका खोलीत चार इयत्ता आणि एक गुरुजी. तिथं वही म्हटली की लाल शाई आलीच. न तपासली जाणारी वही आयुष्यात पहिलीच, तरी अक्षर नीट काढतोय.

४ मार्च, मंगळवार

वॉर्ड बघितला. लांब दालन, दोन्ही बाजूंना पलंग, मध्ये जेवणाचं टेबल. खिडक्यांना जाळ्या. पडद्यांना दोऱ्या नाहीत. काचेचा पेलासुद्धा नाही, सगळं स्टीलचं. पहिल्या अर्ध्या तासातच माझे हात अस्वस्थ झाले. हाडांच्या वॉर्डात हाताला उसंत नसे, बँडेज, वजनं, प्लास्टर, कूस बदलणं. इथं कुणाला काही बांधायचं नाही, उचलायचं नाही. नुसतं बसायचं आणि बोलायचं. मी एका पलंगाची चादर तीनदा सरळ केली. शेवटी त्यावरचा माणूस म्हणाला, "ब्रदर, चादर बरी झालीय आता."

इन्चार्ज सिस्टर उंच आहेत, कमरेला किल्ल्या. त्या हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "हात खिशात घाला आणि डोळे उघडे ठेवा. इथं तेच हत्यार."

६ मार्च, गुरुवार

प्रत्येकाला एक रुग्ण नेमून दिला. रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसायचं. माझ्या वाट्याला आलेत ते छप्पन वर्षांचे. तीस वर्षं गावाला पाणी सोडायचं काम. पहाटे व्हॉल्व्ह उघडायचे, टाकी भरली की पंप बंद करायचा. एक दिवस पंपघरातल्या खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत. टाकी भरून वाहिली, रस्त्यावर पाणी आलं, लोक ओरडत आले, तरी हे बसलेलेच. धाकट्या भावानं इथं आणलं. वॉर्डात सगळे त्यांना पंपवाले म्हणतात. कागदावर लिहिलंय तीव्र नैराश्य, जीव देण्याचे विचार.

मी विचारलं, "काय झालं होतं?"

"काही नाही."

"घरी भांडण? कुणी गेलं?"

भिंतीकडे बघतच म्हणाले, "ब्रदर, काही झालं असतं तर बरं झालं असतं. सांगायला तरी काही असतं."

हाडात कुठं मोडलंय ते फोटोत दिसतं. इथं फोटो कशाचा काढायचा?

१० मार्च, सोमवार

रुग्णाशी जे बोलणं होतं ते शब्दशः उतरवून मॅडमना द्यायचं असतं. त्याला संवादनोंद म्हणतात. एका रकान्यात रुग्ण काय म्हणाला, दुसऱ्यात आपण काय म्हणालो, तिसऱ्यात तेव्हा आपल्या मनात काय होतं. जे बोललं गेलं ते सगळं लिहायचं, आपली चूक तर आधी लिहायची, हा नियम.

माझी पहिली नोंद आज परत आली. मी लिहिलं होतं, "काळजी करू नका, सगळं ठीक होईल." समोर लाल शाईत, "तुम्हाला कसं माहीत?" पुढे मी विचारलेल्या 'का' भोवती गोल, "का विचारलं की माणूस आरोपी होतो." आणि तळाशी, "वाक्यं मोजली. तुमची एकतीस, त्यांची नऊ. यात रुग्ण कोण?"

शेजारी बसणारी मुलगी वर्गात सगळ्यांत लहान चणीची, तिला सगळे चिमणी म्हणतात. ती डोकावून म्हणाली, "काका, माझ्या नोंदीवर नुसतं 'अरे देवा' लिहिलंय. तुमचं बरंच बरं आहे."

११ मार्च, मंगळवार

मॅडमनी सांगितलं, ज्याचं उत्तर हो किंवा नाही मध्ये येत नाही असा खुला प्रश्न विचारायची सवय घरी करा. बायको मशीनवर शिवत होती. शेजारी बसून विचारलं, "आज तुला कसं वाटतंय?"

तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आहे का?"

"नाही. खुला प्रश्न आहे."

"बावीस वर्षं हाडं बांधलीत तेव्हा मला कधी विचारलं नाहीत. हा घ्या दोरा, सुईत ओवून द्या, मग वाटेल बरं."

ओवून दिला. तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं. हे मात्र कुठल्या रकान्यात बसेल कोण जाणे.

१३ मार्च, गुरुवार

संध्याकाळची पाळी. औषध देताना रुग्णाला तोंड उघडायला लावायचं, जीभ उचलायला लावायची, गालांच्या आत बघायचं. इन्चार्ज सिस्टर सगळ्यांचं बघतात, पुजारी असो की प्राध्यापक. मला म्हणाल्या, "लाजायचं नाही ब्रदर. गोळी जिभेखाली ठेवून गप्पा मारणारी माणसं आहेत इथं."

माझ्या रुग्णाची रोजची रात्रीची गोळी आजपासून मीच द्यायची. पंपवाल्यांची वेळ आली. माझ्याहून सात वर्षांनी मोठा माणूस, तीस वर्षं सगळ्या गावानं ज्याच्या घड्याळावर भांडी भरली, त्याला लहान पोरासारखं "आ करा" म्हणायचं? माझी जीभ वळेना. त्यांनी पाणी प्यायलं, पेला रिकामा करून दाखवला. मी मान डोलावली. त्यांनीही डोलावली. दोन मोठ्या माणसांमध्ये तेवढं पुरे असावं.

१७ मार्च, सोमवार

हे लिहू की नको, असं दोनदा झालं. पण ही वही तपासली जात नाही.

आज पंपवाले अंगणातल्या बाकावर आपणहून माझ्या शेजारी येऊन बसले. अकरा दिवसांत पहिल्यांदा. मी गप्प राहिलो, मॅडमनी शिकवलंय तसं. माझे पाय तेवढे हलत होते. मग ते म्हणाले,

"ब्रदर, तुम्ही देव मानता ना?"

"मानतो."

"मग एक सांगतो. कुणाला सांगणार नाही म्हणून देवाची शपथ घ्या."

माणूस पहिल्यांदा दार किलकिलं करत होता. आत्ता मागे सरलो तर ते बंद होईल, असं वाटलं. मी म्हणालो, "देवाशपथ नाही सांगणार."

ते म्हणाले, "रात्रीची गोळी मी गिळत नाही. तिनं डोकं जड होतं. बेसिनात टाकून देतो."

मला हसूच आलं. एवढंच? मला वाटलं होतं, काय ऐकायला लागतंय. मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगा, बदलून देतील." ते म्हणाले, "सांगेन मी माझं. तुम्ही मध्ये पडू नका. शपथ घेतलीय."

आयुष्यात याआधी एकदाच शपथ घेतली होती, वडिलांच्या अंथरुणाशी. ती पाळली. हीसुद्धा पाळेन.

१८ मार्च, मंगळवार

संवादनोंद दिली. शपथेचा आणि गोळीचा भाग गाळला. "एक सांगतो" च्या पुढे सरळ त्यांची सकाळची न्याहारी आणली. खोटं काही लिहिलं नाही, फक्त खरं सगळं लिहिलं नाही. आज प्रार्थनेला बसलो तर तिथंही याच वाक्यावर अडकून राहिलो. उठलो, फेऱ्या मारल्या, पुन्हा बसलो.

मॅडमनी ती जागा बोटानं दाखवून विचारलं, "इथं ते काहीतरी सांगणार होते. मग?"

"मग बोलले नाहीत."

घ्या, आता खोटंही झालं.

२० मार्च, गुरुवार

पंपवाल्यांनी आज दाढी केली. जेवण सगळं संपवलं. रात्री झोपही लागली म्हणाले. तीन दिवसांपूर्वी भिंतीकडे बघणारा माणूस आज मला म्हणतो, "ब्रदर, तुमच्या शर्टाचं बटण लोंबतंय. घरी शिवणकाम चालतं म्हणालात ना तुमच्या?"

मी हसलो, तेही हसले. माझ्या अंगावरून मोरपीस फिरलं. गोळी तर ते घेतच नाहीत. मग हे बरं वाटणं आलं कुठून? रोज शेजारी कोण बसतं? हे लिहायला नको होतं, पण मनात आलं ते लिहिलं. देव क्षमा करो.

२४ मार्च, सोमवार

दोन चांगल्या गोष्टी.

एक. त्यांनी आपला लहानसा रेडिओ शेजारच्या पलंगावरच्या पोस्टमनला देऊन टाकला. स्वेटरही त्यालाच. "मला काय करायचाय," म्हणाले. परवापर्यंत स्वतःच्या पांघरुणाची शुद्ध नव्हती, आता दुसऱ्याची थंडी कळते. माणूस आजारातून उठताना मन मोठं होतं, हे मी हाडांच्या वॉर्डातही पाहिलंय.

दोन. भाऊ भेटायला आला होता. त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि पंपघराची सगळी माहिती लिहायला बसले. कुठल्या भागाला आधी पाणी सोडायचं, तिसरा व्हॉल्व्ह कसा उलटा फिरतो, मोटर गुरगुरायला लागली तर काय करायचं. चार पानं झाली. अक्षर सुरेख. भाऊ म्हणाला, "दादा, हे तू स्वतःच दाखव ना आल्यावर." ते म्हणाले, "लिहिलेलं बरं असतं."

कामात मन रमायला लागलं, याहून मोठी खूण कुठली! मी नोंदीत तसं लिहिलं. मॅडम गुरुवारपर्यंत रजेवर आहेत, नोंदी साठत आहेत. त्या वाचतील तेव्हा खूश होतील.

२६ मार्च, बुधवार

डॉक्टरांनी पंपवाल्यांना दोन दिवस घरी जायची परवानगी दिली. शुक्रवारी दुपारी बारा वाजता भाऊ न्यायला येणार. डॉक्टर म्हणाले, औषध चांगलं लागू पडतंय. मी तिथंच उभा होतो. औषध! तोंडात शब्द आले होते, गिळले. शपथ.

मी निघताना पंपवाल्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचे उपकार आहेत, ब्रदर. तुमच्यामुळं सोपं झालं सगळं."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "काय सोपं झालं?"

"म्हणजे, बरं व्हायला."

"असं म्हणाले ते?"

"तसंच म्हणायचं असणार."

ती मशीन चालवत राहिली. मला मात्र जेवताना घास गोड लागला.

२८ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मीच ते सारवून टाकीन.

सकाळी दहाला मॅडमचा तास, रजेवरून परतल्यावरचा पहिला. विषय, जीव देण्याचा धोका आणि त्याच्या खुणा. त्या फळ्यावर लिहीत नाहीत, बोलतात. म्हणाल्या, "रडणारा माणूस तुमच्या लक्षात येतो. न रडणारा निसटतो. खूप दिवस खचलेला माणूस एकाएकी शांत झाला, हलका झाला, तर टाळ्या वाजवू नका. त्याचा निर्णय झालेला असू शकतो. म्हणून हलकं वाटतं."

मी लिहून घेत होतो.

"आपल्या वस्तू वाटून टाकतो."

मी लिहिलं, वस्तू वाटणे.

"कामाची निरवानिरव करतो. कागद लिहून ठेवतो. माणसांचे आभार मानतो, पुन्हा भेटणार नसल्यासारखे. पुढच्या भेटीचं बोलत नाही. औषध गिळल्याचं दाखवतो आणि…"

पुढचं मी ऐकलं नाही. पेन हातातून पडलं. चिमणी म्हणाली, "काका?" मी बाकातून उठताना गुडघा असा आपटला की बाक सरकलं. परवानगी मागितली नाही. घड्याळात अकराला दहा मिनिटं होती. वर्गापासून वॉर्डापर्यंत एक अंगण आणि दोन जिने. बावीस वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, रुग्णालयात धावायचं नाही. आज धावलो.

भाऊ लवकरच आला होता. टेबलाशी अर्जावर सही करत होता. पंपवाले इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर बसलेले, मांडीवर पिशवी. मला बघून हसले, तेच गेल्या आठवड्याचं हसू. तेव्हा मला ते किती आवडलं होतं.

सरळ सिस्टरांकडे जाता आलं असतं. पण पाठीमागून मोडायला नको वाटलं. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "पंपवाले, मी तुमच्यापाशी घेतलेली शपथ मोडतोय. तुमच्यादेखत मोडतोय."

हसू जागच्या जागी थांबलं.

"नका, ब्रदर."

"सिस्टर," मी मोठ्यानं म्हणालो, आवाज चिरकला, "हे रात्रीची गोळी गिळत नाहीत. मला सतरा तारखेपासून माहीत आहे. त्यांना घरी सोडू नका."

भावाची सही अर्धी राहिली. सिस्टर आल्या, किल्ल्यांचा आवाज न करता. हळूच पिशवी मागितली. पंपवाल्यांनी दिली नाही, पण धरूनही ठेवली नाही. टूथपावडरच्या डब्यात, पावडरखाली, कागदाच्या पुडीत गोळ्या होत्या. बेसिनात एकही गेली नव्हती. किती होत्या ते लिहीत नाही.

पंपवाले माझ्याकडे बघत होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "देवाची शपथ घेतली होती तुम्ही."

"हो."

"मग तुमचा देव कसला?"

भाऊ माझ्या अगदी जवळ आला. सहीचं पेन अजून त्याच्या हातातच होतं. "अकरा दिवस? अकरा दिवस माहीत होतं तुम्हाला? मी याला आज घरी नेऊन काय केलं असतं हो? दुपारी याला एकटं ठेवून माझ्या दुकानात गेलो असतो मी!"

मी म्हणालो, "माझी चूक झाली." दुसरं काहीच बोललो नाही. निदान तेवढं शिकलोय.

२९ मार्च, शनिवार

प्रार्थनेला बसतो आणि उठतो. कुठल्या तोंडानं बसायचं? शपथ त्याच्या नावाची घेतली आणि मोडली. मोडली नसती तर? तेही डोळ्यांसमोर येतं, मग बसवत नाही.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "देवाला कळत नाही का कशासाठी मोडलीत? तुम्ही काय त्याला अडाणी समजता?"

"पण घेतली कशाला, हे तो विचारेल."

"ते मीही विचारतेय," ती म्हणाली. "तुम्हाला त्या माणसाचं भलं करायचं होतं, की त्यानं तुम्हालाच सांगावं असं हवं होतं?"

मी उठून बाहेर गेलो. गल्लीच्या टोकापर्यंत चार फेऱ्या झाल्या. तिच्या त्या वाक्यातून निसटायला एकही फट सापडली नाही.

३१ मार्च, सोमवार

मॅडमनी बोलावलं. मला वाटलं, घरी पाठवतील. टेबलावर माझी अठरा तारखेची नोंद. "यात एक जागा रिकामी आहे हे मला तेव्हाच दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं, तुम्ही नाही म्हणालात, मी सोडून दिलं. माझीही चूक आहे ती. मी ती लेखी दिलीय. तुमची तुम्ही द्या."

मी म्हणालो, "मी वचन मोडलं, मॅडम."

"मोडलंत ही चूक नाही. दिलंत ही चूक." त्यांचा आवाज आज भिंतीपर्यंत गेला नाही. "रुग्ण म्हणतो, कुणाला सांगणार नाही ना? आपण म्हणायचं, तुम्ही सांगाल ते मी गावभर करणार नाही, पण तुमच्या जिवाची गोष्ट असेल तर उपचार करणाऱ्यांपासून लपवणारही नाही. एवढं ऐकून तो गप्प बसला तर बसू द्या. गप्प बसलेल्याजवळही बसता येतं."

"मला वाटलं, दार बंद होईल."

"झालं असतं. पुन्हा वाजवलं असतंत."

मग विचारलं, "आणि तोंड तपासलं नव्हतंत?"

"मान राखला त्यांचा."

"मान!" त्यांनी नोंद मिटून फायलीत ठेवली. ते जास्त लागलं.

मला काढून टाकलेलं नाही. लेखी समज दिली आहे. रुग्ण बदलून द्या म्हणालो, तर म्हणाल्या, "का? आता तो तुम्हाला आवडत नाही म्हणून?"

२ एप्रिल, बुधवार

पंपवाल्यांना सिस्टरांच्या टेबलासमोरचा पलंग दिलाय. कुणीतरी सतत नजरेत ठेवतं. डॉक्टरांनी औषध बदललं, आता पातळ औषध देतात. मी दिलं. "तोंड उघडा, जीभ वर." त्यांनी उघडलं, माझ्याकडे न बघता. मी बघितलं. नीट बघितलं.

मग अर्धा तास खुर्ची घेऊन बसलो. त्यांचं तोंड भिंतीकडे. मी आधीच सांगितलं, "अर्धा तास बसणार आहे. बोलायलाच हवं असं नाही." एक शब्द नाही. हात खिशात, पाय थांबवून धरलेले. काल तसंच, परवा तसंच. आज नोंदीत दोनच ओळी झाल्या. रुग्णाचा रकाना रिकामा.

माझं मन मात्र रिकामं नाही. सारखं वाटतं, आता म्हणतील, जाऊ द्या ब्रदर, तुम्ही बरोबर केलंत. हे ऐकायला मी किती हपापलोय ते तिसऱ्या रकान्यात लिहिलं. मॅडमनी त्यापुढं फक्त 'हं' लिहिलं.

४ एप्रिल, शुक्रवार

आज अर्ध्या तासानंतर उठलो तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला, "खुर्ची ओढत नेऊ नका. कान किटतात."

उचलून नेली.

५ एप्रिल, शनिवार

आज बोलले. बोलले कसले, मला धुऊन काढलं.

खुर्ची उचलून आणून ठेवली, बसलो, तोच कूस बदलून माझ्याकडे तोंड केलं. म्हणाले, "तुम्ही ढोंगी आहात." मी हात खिशात घातले. "देवमाणसाचं सोंग घेता. हळू बोलता म्हणून माणूस फसतो. तुमच्यासारखे पाणीपुरवठ्यात असते तर गावानं गटाराचं पाणी प्यायलं असतं. मी तीस वर्षांत शब्द मोडला नाही. सहा वाजता म्हटलं की सहा. तुम्ही अकरा दिवसांत ढेपाळलात." मध्येच बसते झाले. पाणी मागितलं, प्यायले, पुन्हा सुरू. माझ्या शर्टावर बोलले, चालण्यावर बोलले, माझ्या "हं, हं" करण्यावर तर पाच मिनिटं बोलले. "म्हशीसारखे हंबरता नुसते! माणूस जिवाचं बोलतोय आणि हा हं!"

त्यांचा आधीचा शेजारी पोस्टमन आपल्या पलंगावरून रेडिओ बंद करून ऐकत होता. मध्ये मला म्हणाला, "ब्रदर, काही बोला की." मी म्हणालो, "त्यांचं होऊ द्या."

एकदाच बोललो. म्हणालो, "तुम्ही रागावलाय, आणि तुमचा राग खरा आहे. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा सांगेन. शपथ मात्र घेणार नाही."

त्यावर आणखी भडकले. चेहरा लाल, हात हलताहेत. महिनाभरात त्यांचे हात इतके हललेले मी पाहिले नव्हते. घाम आला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. ते थांबले, दम खाल्ला आणि म्हणाले,

"माझं अजून झालेलं नाही. उद्या येता का?"

"उद्या रविवार. विद्यार्थ्यांना सुट्टी असते."

"मग सोमवारी. वेळेवर या. अर्ध्या तासात होणार नाही, सांगून ठेवतो."

आणि टेबलाशी जाऊन जेवायला बसले.

घरी येऊन सगळं उतरवून काढलं, सात पानं झाली. पुन्हा पुन्हा वाचतोय. माफीचा एक शब्द नाही त्यात, अर्धासुद्धा नाही. जरा मऊ होतील असं वाटलं होतं, तर उलट सोमवारसाठी शिव्या शिल्लक ठेवल्यात. वॉर्डातून निघताना इन्चार्ज सिस्टरना तोंडी सगळं सांगितलं होतं. त्यांनी पुढच्या पाळीसाठीच्या नोंदीत एकच वाक्य लिहिलं, "रुग्णाने सोमवारी भेटण्याची वेळ स्वतः ठरवली," त्याखाली रेघ मारली आणि मला म्हणाल्या, "जा ब्रदर, झोपा आज."

एवढ्या बोलण्यातून त्यांना तेवढंच का लिहावंसं वाटलं, विचारायला हवं होतं. राहून गेलं. मला आपला रविवार कसा काढायचा हा प्रश्न पडलाय.